गॅस भरायच्या आधी पंखा बघा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : गाडीचा एसी

होळी झाली की या सदरातली पत्रं बदलतात. अॅव्हरेज आणि टायरच्या तक्रारी मागे पडतात नि एसी पुढे येतो. परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ ला टेकला की त्या पत्रांचा सूर एकच असतो : ‘एसी गार करीना, मिस्त्री म्हणतो गॅस संपला.’ गॅस हा काही पेट्रोलसारखा खर्च होणारा माल नाही. बंद नळ्यांतून तोच तोच फिरतो, आणि कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. यावेळच्या पत्रांत गॅसचा दोष फार थोड्या ठिकाणी दिसतो. बाकी बहुतेक ठिकाणी गडबड पंख्याची आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. एसीच्या कामात पंखे दोन. एक डॅशबोर्डच्या आत, डाव्या सीटच्या पायाशी, जो तुमच्या तोंडावर वारा फेकतो. त्याला ब्लोअर म्हणायचं. दुसरा बॉनेटखाली, रेडिएटरला चिकटलेला, जो समोरच्या कंडेन्सरच्या जाळीतून हवा ओढतो. पत्रात नुसतं ‘पंखा’ लिहिलं की आम्हाला अंदाजच करावा लागतो. म्हणून खाली आतल्याला ब्लोअर आणि पुढच्याला पंखा म्हटलं आहे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षं जुन्या हॅचबॅकचा ब्लोअर १, २, ३ वर हलत नाही आणि ४ वर टाकला की सुसाट सुटतो. इलेक्ट्रिशियननं रेझिस्टर बदलला, दीड महिन्यात पुन्हा तेच. परत बदलला, परत गेला. माल डुप्लिकेट निघाला का?
— वाचक, लातूर

उत्तर : डुप्लिकेट असूही शकतो. पण ओळीनं दोन रेझिस्टर गेले म्हणजे ते मरत नाहीत, त्यांना कुणीतरी मारतंय.

रेझिस्टर म्हणजे तारेच्या दोन-तीन वेटोळ्या आणि जास्त तापला की उडणारा एक छोटा थर्मल फ्यूज, एका पट्टीवर बसवलेला. १ नंबरवर वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, २ वर एक वेटोळी सुटते, ३ वर आणखी एक. ४ वर रेझिस्टरला वळसा घालून वीज थेट मोटरला मिळते. म्हणून थर्मल फ्यूज उडाला की पहिले तीन वेग एकदम जातात आणि चौथा जिवंत राहतो. फक्त १ नंबर गेला असेल तर एकच वेटोळी तुटलेली असते. आणि १ ते ३ ठीक असून ४ च बंद असेल तर रेझिस्टरला हात लावू नका; तिथं दोष स्विचचा, काही गाड्यांत चौथ्या वेगासाठी असलेल्या वेगळ्या रिलेचा (रिले म्हणजे छोट्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज जोडणारी डबी).

आता तो जळतो का? १ नंबरवर मोटरला साधारण ५ व्होल्ट मिळतात, उरलेले ८ व्होल्ट रेझिस्टर खातो. मोटर ४ अँपिअर ओढत असेल तर रेझिस्टरवर ३२ वॅटची उष्णता तयार होते. हे इतकंसं वेटोळं ती उष्णता सहन करतं, कारण त्याला मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यात बसवलेलं असतं. वारा कमी झाला किंवा मोटर जास्त वीज ओढू लागली की ते भाजतं. तुमच्याकडं यातलं एक तरी बहुधा घडतंय, कदाचित दोन्ही.

पहिलं काम एसी फिल्टरचं. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की तो बहुतेक गाड्यांत खाली झुकतो. मागं फिल्टरचं झाकण दिसतं. फिल्टर काढा आणि उन्हाकडं धरा. उजेड पलीकडं दिसत नसेल तर झटकत बसू नका, बदला. पुस्तकात १० ते १५ हजार किलोमीटर लिहिलेलं असतं, ते आपल्या काळ्या मातीच्या धुळीसाठी लिहिलेलं नाही. गाडी रोज शेतावर जात असेल तर ५ हजाराला उघडून बघायला हवा. नवा बसवताना कडेवरचा बाण हवेच्या दिशेनं ठेवा. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये कंपनी फिल्टर देतच नाही, नुसता रिकामा खाचा असतो. तशी गाडी असेल तर खाच्याच्या मापाचा फिल्टर विकत मिळतो, तो घालून घ्या.

दुसरं काम मोटरचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ब्लोअरचा प्लग सोडा आणि खालून दिसणारे स्क्रू, बहुधा तीनच असतात, काढून मोटर खाली घ्या. त्या भागात पिवळ्या रंगाचे प्लग दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना धक्का लावायचा नाही. चक्र हातानं फिरवा. चांगली मोटर एका झटक्यात दोन-तीन फेरे घेऊन हळूच थांबते. बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडा पडलेली मोटर अर्ध्या फेऱ्यात अडकते किंवा खरखरते. अशी मोटर जास्त वीज ओढते, रेझिस्टर भाजतो आणि आपण प्रत्येक वेळी रेझिस्टरलाच शिव्या देतो.

मोजून खात्री करायची असेल तर डीसी, म्हणजे बॅटरीची वीज मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. घरगुती वायरिंगवाल्याकडचा साधा क्लॅम्प मीटर फक्त घरातल्या विजेचा (एसी) करंट दाखवतो, गाडीवर तो शून्यच म्हणणार. आणि मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून ब्लोअर मोजायला जाऊ नका, मीटरचाच फ्यूज जाईल. चौथ्या वेगावर छोट्या गाड्यांची मोटर १२ ते २० अँपिअरच्या आसपास ओढते. आकडा त्याच्या वर असेल तर मोटर बदलायचीच.

तिसरी गोष्ट इलेक्ट्रिशियन बहुतेक वेळा बघत नाही : रेझिस्टरचा प्लग. त्यातली एखादी पिन तपकिरी झालेली, प्लास्टिक फुगलेलं दिसलं तर नवा रेझिस्टर जुन्या प्लगवर बसवणं म्हणजे नव्या चपलेत जुना काटा तसाच ठेवणं. सैल पिन तापते आणि नव्या रेझिस्टरलाही तापवते. वायरसकट नवा प्लग मिळतो. मूळ वायरीइतकीच जाड वायर वापरून, घट्ट दाबून जोडून घ्या. नुसतं पिळून वर टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात टिकत नाही.

क्रम असा ठेवा : फिल्टर, मोटर, प्लग, आणि सगळ्यात शेवटी रेझिस्टर.

प्रश्न : आमच्या सेडानचा एसी मानवत रोडच्या हायवेला एक नंबर गार. पण परभणीत शिरलं, फाटकात नाहीतर बाजारात गाडी थांबली की पाच मिनिटांत गरम वारा यायलाय. चालू लागलं की पुन्हा गार. मिस्त्रीनं दोनदा गॅस भरला. दुसऱ्यांदा तर आणखीच बिघडलं.
— कापूस व्यापारी, परभणी

उत्तर : तुमच्या व्यवसायातच अर्धं उत्तर आहे, पण ते नंतर. आधी लक्षणाकडं बघा. पळताना गार, थांबल्यावर गरम. गॅस कमी असेल तर हायवेवरही थंडावा पुरा येत नाही. जिथं पळतानाचा वारा सगळं सांभाळून घेतो आणि थांबल्यावरच घात होतो, तिथं पुढचा पंखा दोषी धरायचा.

कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची पातळ जाळी. केबिनमधून ओढलेली सगळी उष्णता तिथं बाहेर टाकली जाते. गाडी पळत असताना समोरचा वारा ते काम करतो. थांबल्यावर ते पंख्यानं करायचं असतं. त्यानं केलं नाही की कंडेन्सरमधलं प्रेशर चढत जातं आणि ते धोक्याच्या पातळीला पोचलं की प्रेशर सेन्सर कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बंद करतो. आतून ब्लोअर चालूच राहतो, म्हणून वारा येतो, पण कोमट.

तपासायला मिस्त्री लागत नाही. संध्याकाळी, इंजिन गार असताना गाडी घरापुढं लावा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा, इंजिन चालू करा, एसी आणि ब्लोअर पूर्ण ठेवा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर लागला की थोड्याच वेळात पंखा सुरू होतो. काहींत प्रेशर वाढेपर्यंत एखाद-दोन मिनिटं थांबतो. सैल बाह्या, उपरणं, ओढणी पंख्यापासून लांब ठेवा. हा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून बोटं घालून ढकलून बघायचं असेल तर आधी त्याचा प्लग काढा.

पंखा फिरला, पण खरंच ओढतोय का? वर्तमानपत्राचं एक पान पुढून जाळीवर धरून सोडा. चिकटून राहिलं तर ओढ चांगली आहे. घसरून पडलं तर मोटर थकली आहे, नाहीतर जाळी तुंबली आहे. आणि पान उलट पुढं उडालं तर पंखा उलटा फिरतोय! मोटर बदलताना दोन वायरींची अदलाबदल झाली की हे होतं. डोळ्यांना फिरणारा पंखा दिसतो म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानात येत नाही.

पंखा फिरतच नसेल तर त्याचा प्लग काढून मोटरला बॅटरीतून थेट वीज द्या, मात्र मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या वायरीनं. फिरला तर मोटर शाबूत आहे आणि दोष फ्यूज, रिले किंवा वायरिंगमध्ये आहे. फ्यूज बॉक्समध्ये त्याच आकाराचा, त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, कित्येकदा हॉर्नचा. दोघांची अदलाबदल करा. पंखा फिरला आणि हॉर्न मुका झाला की चोर सापडला. रिले ‘टिक’ करतो म्हणजे तो चांगला, असं मानू नका. टिक आतल्या कॉईलची असते, वीज पोचवणारे पॉइंट जळालेले असले तरी ती येते. रिलेही चांगला निघाला तर पुढचा संशय प्रेशर सेन्सर आणि त्याच्या प्लगवर. तिथं मात्र स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा.

थेट वीज देऊनही फिरला नाही, किंवा काडीनं ढकलल्यावर सुस्तपणे फिरू लागला, तर मोटरचे कार्बन (आत घासत वीज पोचवणारे तुकडे) झिजलेत किंवा बुश जाम आहे. गार असताना फिरणारी आणि अर्ध्या तासानं तापल्यावर दम सोडणारी मोटरही याच जातीची. म्हणूनच गॅरेजमध्ये सकाळी नेलेली गाडी ‘ठीक आहे’ म्हणून परत येते. दुपारी दोन वाजता न्या.

आता कापूस. जिनिंगच्या आवारात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कंडेन्सरवर कापसाच्या तंतूंचा थर बसतो, वरून धूळ आणि तेलाचा ओशट हात फिरतो आणि त्याची गोधडी होते. लातूरकडं तेच काम सोयाबीनचा भुसा करतो. पुढून जाळी स्वच्छ दिसली तरी फसू नका. खरा गाळ कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे वरचे ब्रॅकेट सैल करून, नळ्यांना ताण न देता, दोघांत दोन बोटांची फट करा आणि साध्या पाइपच्या पाण्यानं आतून पुढच्या दिशेला धुवा. पुढून मऊ ब्रश वापरायचा तर पात्यांच्या दिशेनंच. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारला की पाती लोळतात आणि जाळी कायमची बंद होते. गाळ काढायला गेलात नि भिंत बांधून आलात, असं व्हायचं.

शेवटी तुमचा दोनदा भरलेला गॅस. आधीचा बाहेर न काढता वरून भर घातली असेल तर आता गॅस जास्त झालाय आणि प्रेशर त्यानंही चढतंय. ‘आणखीच बिघडलं’चा अर्थ तोच. जुना पूर्ण काढून घ्या, किमान अर्धा तास व्हॅक्यूम लावायला सांगा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरून घ्या. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत आर-१३४ए हा गॅस बहुधा ३५० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान असतो. पन्नास ग्रॅमनंही फरक पडतो, त्यामुळं ‘अंदाजानं भरतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. आणि हे सगळं पंखा नीट झाल्यावर, आधी नाही. बाहेर ४० अंश असताना पंखा चांगला चालत असेल तर जास्त दाबाच्या बाजूचं मीटर साधारण २२५ ते २७५ पीएसआयच्या टप्प्यात दिसतं. थांबलेल्या गाडीत ते साडेतीनशेच्या पुढं सरकत असेल तर गॅसची बाटली बाजूला ठेवून पंख्याकडं जा.

प्रश्न : बीडहून संभाजीनगरला निघालो की गेवराईपर्यंत एसी मस्त चालतो. पुढं हळूहळू वारा कमी होत जातो, ब्लोअर ४ वर करूनही नुसता आवाज येतो. ढाब्यावर चहाला थांबून परत निघालो की पुन्हा जोरात. ब्लोअरची मोटर तापते का?
— शिक्षिका, बीड

उत्तर : नाही. मोटरचा आवाज भरपूर येतोय म्हणजे ती फिरते आहे. तिची वाट बर्फानं अडवली आहे. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉईलवर ओल धरते आणि कॉईल शून्याच्या खाली गेली की त्या ओलीचा बर्फ होतो. चहा होईपर्यंत तो वितळतो. थांबलेल्या गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी सांडलेलं दिसेल, तेवढी खूण पुरे.

बर्फ होऊ नये म्हणून कॉईलच्या पात्यांत एक थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर, खोचलेला असतो. कॉईल शून्याच्या जवळ आली की तो कॉम्प्रेसर थांबवायला लावतो. तो बिघडला किंवा जागेवरून निसटला की कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. कॉईल साफ करून झाल्यावर थर्मिस्टर पुन्हा पात्यांत न खोचता तसाच लोंबत ठेवलेला असतो, हे फार वेळा सापडतं. एवढ्यात कॉईलचं काम केलं असेल तर आधी तिथंच बघायला सांगा. थर्मिस्टर काढून मल्टिमीटर लावला आणि तो बर्फाच्या पाण्यात बुडवला की त्याचा रेझिस्टन्स ठळकपणे वाढला पाहिजे. काटा ढिम्म राहिला तर बदला.

दुसरं कारण तुंबलेला फिल्टर. वारा कमी पोचला की कॉईल जास्त गार होते. तिसरं आपली सवय : ब्लोअर १ वर, थंडी शेवटच्या खुणेवर, असं तासन्‌तास चालवणं. पावसाळ्यात, हवेत ओल असताना, ही सवय आणखी महागात पडते. गॅस थोडा कमी असला तरी कॉईलचा एक कोपरा गोठू शकतो, पण त्यात थंडावाही आधीपासून कमी असतो. तुमची तशी तक्रार नाही.

काम होईपर्यंत गेवराईच्या अलीकडं एसीचं बटण बंद करून ब्लोअर ३ वर दहा मिनिटं चालू ठेवा, थांबायची गरज नाही.

एक सावधगिरी. ‘कॉम्प्रेसर सारखा लागूनच आहे, म्हणजे थर्मिस्टर गेला’ असं कुणी सांगितलं तर विचारा की तुमच्या गाडीचा कॉम्प्रेसर व्हेरिएबल आहे का. तो मुळातच लागून राहतो आणि आतून काम कमी-जास्त करतो.

प्रश्न : ब्लोअर चालू केला की टकटकटक वाजायलंय, वेग वाढवला की टकटक वाढतीय. वासही येतोय, कुबट.
— वाचक, नांदेड

उत्तर : गाडी झाडाखाली लावता का? काचेच्या खालच्या जाळीतून कडुलिंबाच्या काड्या आत जातात आणि फिल्टर नसेल किंवा फाटला असेल तर थेट ब्लोअरच्या चक्रात पडतात. मोटर खाली घेऊन काढा, दहा मिनिटांचं काम. चक्राच्या पात्यावर एखादी लोखंडी क्लिप दिसली तर ती कचरा समजून फेकू नका. तोल साधण्यासाठी कंपनीनं लावलेली असते. ती निघाली की टकटक जाऊन थरथर येते.

वास लघवीसारखा उग्र असेल तर उंदीर. फिल्टरच्या खाच्यात कापूस, थर्माकोल, शेंगांची टरफलं जमवून घर केलेलं सापडतं. हातमोजे आणि मास्क घालून, फवारा मारून ओलं करूनच काढा, कोरडं झाडू नका. फिल्टर बदला, आणि त्याच वेळी आसपासच्या वायरी कुरतडलेल्या नाहीत ना हे टॉर्चच्या उजेडात बघा. गाडी थांबवायच्या आधी बाहेरच्या हवेचं बटण आतल्या हवेवर आणून ठेवलं तर पुष्कळ गाड्यांत ती वाट झाकली जाते.

टकटक नसून चिमणीसारखं चिवचिवत असेल, तेही सकाळी पहिल्यांदा, तर बुश कोरडा पडतोय. मशीन ऑइलचा एखादा थेंब आवाज काही आठवडे दाबतो. त्यापलीकडं तो इलाज नाही, आणि तेल कार्बनपर्यंत गेलं तर मोटर लवकर जाते.

प्रश्न : ब्लोअर कधी चालतो, कधी नाही. खड्ड्यात आदळली की सुरू होतो! जालना-अंबड रस्त्यावर काही अडचण येत नाही, गुळगुळीत समृद्धीवर मात्र बंद पडतो.
— वाचक, जालना

उत्तर : खड्ड्यांचे उपकार मानणारं हे पहिलंच पत्र. मोटरचे कार्बन झिजून टोकाला आलेत. धक्का बसला की टेकतात. बंद असताना ग्लोव्ह बॉक्सखाली मोटरच्या बुडावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोका. सुरू झाली तर नवी मोटर घ्या. नुसते कार्बन बदलून देणारे आहेत, पण ते ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग तोवर खाचलेला असतो, नवे कार्बनही लवकर झिजतात.

ठोकूनही फरक पडला नाही तर मोटरच्या प्लगवर, ब्लोअर ४ ला ठेवून, व्होल्ट मोजा. १२ च्या वर आले आणि मोटर गप्प, तर मोटर गेली. व्होल्टच आले नाहीत तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी प्लगच्या अर्थिंगच्या वायरीला लावून बघा. स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो अशा गाड्यांत हे माप स्विचच्या पलीकडं घ्यायचं. वीज वाहत असताना तिथं ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचा बोल्ट गंजला किंवा सैल आहे. बाहेर जादा लाइट, हॉर्न, म्युझिक बसवलेल्या गाड्यांत हे हमखास होतं, कारण सगळ्यांनी अर्थिंग एकाच बोल्टवर लटकवलेलं असतं.

प्रश्न : ऑटोमॅटिक एसीची गाडी आहे. चावी काढली तरी ब्लोअर फिरत राहतो. सकाळी बॅटरी पार खलास.
— वाचक, तुळजापूर

उत्तर : आज रात्री आधी ब्लोअरचा फ्यूज काढून ठेवा. १० अँपिअर ओढणारा ब्लोअर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी साडेतीन तासांत झोपवतो.

ऑटोमॅटिक एसीत वेटोळ्यांचा रेझिस्टर नसतो, त्याजागी अॅल्युमिनियमच्या पंखांवर बसवलेलं ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं. वेग बदलूनही ब्लोअर एकाच जोरात फिरतोय का? तसं असेल तर मॉड्यूल आतून शॉर्ट झालंय. पण काही गाड्यांत मॉड्यूलच्या आधी रिलेही असतो, म्हणजे चावी काढल्यावर फिरत राहायचं तर त्याचे पॉइंटही चिकटलेले असणार. रिलेची अदलाबदल करून बघा. मॉड्यूल बदलायचं ठरलं तर मोटरची ओढही त्याच दिवशी मोजा. लातूरच्या वाचकाला लिहिलेलं सगळं इथंही लागू पडतं, फक्त मॉड्यूल रेझिस्टरपेक्षा बरंच महाग असतं.

प्रश्न : इंजिन बंद केल्यावर पुढचा पंखा दोन-तीन मिनिटं फिरत राहतो. बिघाड आहे का?
— वाचक, हिंगोली

उत्तर : नाही, बऱ्याच गाड्यांत तशी सोयच असते. इंजिन गार असताना, चावी लावल्या लावल्या पंखा पूर्ण वेगानं सुटत असेल तर मात्र टेम्परेचर सेन्सर किंवा त्याचा प्लग बघा. सेन्सरकडून निरोप आला नाही की गाडीचा संगणक खबरदारी म्हणून पंखा कायम चालू ठेवतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत असाल तर तेही थांबवा. त्याच्या क्षारांनी नळ्या आतून बुजतात आणि मग पंख्यानं कितीही ओढलं तरी इंजिन तापतं. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळायचं.

प्रश्न : ब्लोअर १ वर ठेवला तर पेट्रोल वाचतं का?
— वाचक, उदगीर

उत्तर : जवळजवळ नाही. रेझिस्टर असलेल्या गाडीत १ नंबरवर वाचलेली बरीच वीज रेझिस्टर तापवण्यात जाते. पेट्रोल खातो तो कॉम्प्रेसर. दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर चारी काचा खाली घेऊन, ब्लोअर ४ वर ठेवून एक-दोन मिनिटं गरम हवा बाहेर घालवा, मग काचा लावून आतल्या हवेवर एसी चालवा. त्यानं जास्त वाचेल.

प्रश्न : ब्लोअरचा ३० चा फ्यूज महिन्यात तिसऱ्यांदा गेला. मेकॅनिक म्हणतो ४० चा टाकू, कटकट जाईल. टाकू का?
— टॅक्सीचालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : टाकू नका. ती वायर ३० च्या हिशेबानं दिलेली आहे. ४० चा फ्यूज टिकेल, पण मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर तापेल, आणि तिथं हात पोचत नाही. ब्लोअरचा प्लग काढून नवा ३० चाच फ्यूज लावा. तरी उडाला तर वायर कुठंतरी सोलून बॉडीला लागलीय. ग्लोव्ह बॉक्सच्या मागं, पत्र्याच्या कडेला आधी बघा. उडाला नाही तर मोटर जाम आहे. ती खाली घेऊन चक्र हातानं फिरवा.